फ्लेक्सी तिकीट घेतलं तरी १०,३५० रुपये भरले, विमान कंपनीच्या फ्लेक्सी भाड्याचा माझा रिव्ह्यू

आधीच सांगतो, मी काही दर महिन्याला विमानाने फिरणारा माणूस नाही, फैजपूरजवळ ठिबकचं दुकान आहे आणि आप्पांची केळीची बाग, त्यामुळे विमान म्हणजे दोन-तीन वर्षांतून एकदा. पण मागच्या मे महिन्यात तीन जणांचं मुंबई-बेंगळुरू तिकीट काढलं, बदललं, परतीचंही बदललं, कस्टमर केअरवर एकूण दीड तास घालवला आणि त्या नादात एवढं शिकलो की लिहून ठेवावंसं वाटलं. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. थोड्याफार फरकाने सगळ्यांचे नियम असेच आहेत असं नंतर वाचताना दिसलं, त्यामुळे एकाला शिव्या देण्यात अर्थ नाही.

झालं असं की ताईने बेंगळुरूला फ्लॅट घेऊन दोन वर्षं झाली आणि आईने तो अजून व्हिडिओ कॉलवरच बघितलेला. या सुट्टीत जायचंच असं ठरलं. जळगावच्या विमानतळावरून हल्ली छोटी एटीआर विमानं उडतात पण बेंगळुरूचं आमच्या तारखांना काही जुळेना, म्हणून भुसावळहून रात्रीची ट्रेन, मुंबई, तिथून विमान असा बेत. एप्रिलमध्ये कंपनीच्या वेबसाईटवरूनच बुक केलं, २८ मे बुधवारचं जायचं आणि ५ जूनचं यायचं.

वेबसाईटवर एकाच विमानाचे दोन-तीन भाव दिसतात हे तुम्हीही बघितलं असेल. जायचं साधं सेव्हर तिकीट ४,१५० आणि फ्लेक्सी ४,९५०. यायचं सेव्हर ४,८०० आणि फ्लेक्सी ५,६००. फ्लेक्सीखाली हिरवी टिकमार्क आणि लिहिलेलं, तारीख बदल मोफत. मी विचार केला आप्पांचा काही भरोसा नाही, ऐनवेळी बागेचं काहीतरी निघतं, ८०० रुपयांनी काय होतंय. तर माणशी ८००, तीन माणसं, दोन बाजू, म्हणजे ४,८०० रुपये मी फक्त त्या हिरव्या टिकमार्कचे जास्त दिले. शिवाय कन्व्हिनियन्स फी वेगळी, जी कधीच परत मिळत नाही, त्याचं कन्व्हिनियन्स नेमकं कोणाला असतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

२६ तारखेला संध्याकाळी वादळ आलं. रावेर-यावलकडच्या लोकांना सांगायला नको, मे संपता संपता असं एखादं येतंच, अर्धा तास वारा आणि निसवलेली, म्हणजे घड लागलेली, झाडं आडवी. आमची सगळी बाग गेली नाही पण नदीकडची बाजू झोपली. आता पंचनामा, विमा कंपनीला कळवणं, तलाठी आणि कृषी सहाय्यक कधी येतील त्याची वाट बघणं, हे सोडून आप्पा बेंगळुरूला कसे जाणार, आणि आप्पांशिवाय आई कशी जाणार. बॅगेत चार किलो बिबडे आणि सावद्याचे केळी वेफर्स भरून झालेले, ती बॅग तशीच कोपऱ्यात.

मी म्हटलं काळजी करू नका, आपलं फ्लेक्सी आहे, फुकटात बदलतो. रात्री दहाला ॲप उघडलं, तारीख बदलाचं बटण दाबलं, ३ जून मंगळवार निवडला आणि स्क्रीनवर आलं, भरायची रक्कम १०,३५०.

आप्पा शेजारीच बसलेले. म्हणे, "मले समजावून सांग, बदलायचे पैसे नाही म्हणे तं हे दहा हजार कशाचे?"

मला तेव्हा सांगता आलं नाही. आता सांगू शकतो.

तारीख बदलताना दोन वेगळे पैसे लागतात आणि आपण दोन्हीला मिळून "चेंज चार्ज" म्हणतो, सगळी गडबड तिथेच आहे. एक म्हणजे बदल शुल्क, तो दंड आहे, तुम्ही ठरलेलं मोडलं म्हणून. दुसरा म्हणजे भाडेफरक, नवीन तारखेच्या विमानाचा आजचा भाव वजा तुम्ही भरलेला भाव. फ्लेक्सी तिकीट फक्त दंड माफ करतं. भावाशी त्याचा काहीही संबंध नाही.

आमचं हे असं होतं. ३ जूनचं फ्लेक्सी भाडं त्या रात्री ७,९०० होतं, आम्ही भरलेले ४,९५०, फरक माणशी २,९५०, तिघांचे ८,८५०. उरले १,५००, तर तो दंडच होता. कारण मोफत बदल हा विमान सुटायच्या तीन दिवस आधीपर्यंतच मोफत, त्यानंतर माणशी ५००. हे कुठे लिहिलेलं होतं तर हिरव्या टिकमार्कच्या शेजारी बारीक इंग्रजी आय (i) काढलेला असतो त्याच्यावर दाबलं की. आमचे तीन दिवस २५ तारखेला संपले आणि वादळ २६ ला आलं. वादळ काय फेअर रूल्स वाचून येत नाही.

कस्टमर केअरला फोन लावला. २२ मिनिटं म्युझिक. मग एक ताई आल्या, बोलायला चांगल्या होत्या, हिंदीत सगळं शांतपणे सांगितलं पण प्रत्येक वाक्याच्या शेवटी "ॲज पर फेअर रूल्स सर". मी विचारलं की मी एप्रिलमध्ये बुक केलं तेव्हा ३ जूनचं भाडंसुद्धा ४,९५० च्या आसपासच असेल ना, तोच धरा. म्हणाल्या नाही सर, आज जो भाव आहे तोच लागणार. मग आप्पांनीच ते सोपं करून टाकलं. म्हणाले म्हणजे केळीसारखं, घड झाडावर असतो तोवर बोलून काही उपयोग नाही, ज्या दिवशी कटाई त्या दिवशीचा भाव. अगदी तसंच आहे. तुमची जुनी बुकिंग म्हणजे व्यापाऱ्याकडे जमा असलेली रक्कम समजा, ती वळती होते, पण माल आजच्या भावाने घ्यायचा.

आता भाव एवढा का वाढतो ते पण थोडं. एका विमानात १८० च्या आसपास सीट असतात पण सगळ्यांचा भाव एक नसतो, कंपनीने त्याचे गट पाडलेले असतात, काही सीट स्वस्त, मग त्याच्या वरचा गट, मग त्याच्याही वरचा. स्वस्त गट संपला की सिस्टीम वरच्या गटातून विकते. त्यामुळे तारीख जवळ आली की सहसा खालचे गट संपलेले असतात. सीट तीच, पाय ठेवायची जागा तीच, पाण्याचा ग्लास तोच. सरकार सहसा भाव ठरवून देत नाही, तो अधिकार कंपन्यांचाच आहे, त्यांना फक्त आपले भाडेदर वेबसाईटवर जाहीर करावे लागतात. ते पत्रक मी उघडून बघितलं, कमीत कमी आणि जास्तीत जास्त यात एवढं अंतर आहे की त्यात माझे ७,९०० कुठेही बसले असते.

या गटांमुळे आमचे अजून १,२०० गेले आणि ते मला नंतर कळलं, भुसावळला एक तिकीटवाला ओळखीचा आहे त्याने सांगितलं तेव्हा. तिघांचं एकत्र बदलताना सिस्टीम एकाच गटात तीन सीट शोधते. खालच्या गटात दोनच उरल्या असतील तर तिघांनाही वरच्या गटाचा भाव लावते! त्याने कसं ओळखलं तर त्या रात्रीचा माझा स्क्रीनशॉट बघून, मी सहज एका माणसासाठी सर्च केलं होतं तेव्हा ७,३०० दाखवत होतं आणि मला वाटलेलं की ॲप गंडलंय. कस्टमर केअरला सांगून पीएनआर वेगळा करून घेता येतो, दोघांचं एक आणि एकाचं एक, मग दोघांना ७,३०० आणि एकाला ७,९०० लागले असते. तोटा एवढाच की नंतर विमानाचं काही झालं तर ते तुम्हाला एकत्र कुटुंब म्हणून नाही, वेगवेगळे प्रवासी म्हणून बघतात. पण ६०० गुणिले दोन वाचले असते की. त्या ताईंनी हे सांगायला हवं होतं असं माझं मत आहे, "ॲज पर फेअर रूल्स" एकदा कमी म्हणाल्या असत्या तरी वेळ झाला असता.

एक गोष्ट मात्र बरोबर केली, पहिली दिसलेली तारीख घेतली नाही. ३० मे शुक्रवार ९,२०० होता, १ जून रविवार ८,८००, आणि मंगळवार ७,९००. पंचनाम्याचं काही सांगता येत नव्हतं म्हणून थोडं लांबचंच घेणार होतो, ते पथ्यावर पडलं. मंगळवारी रात्रीचं एक विमान अजून स्वस्त होतं पण आईला रात्री साडेबाराला बेंगळुरूच्या विमानतळावर उतरवायचं आणि तिथून शहर एवढं लांब, नको म्हटलं.

आता परतीची गंमत. परतीचं ५ जूनचं होतं ते १२ जून केलं. इथे तीन दिवसांच्या बराच आधी बदलत होतो म्हणून दंड शून्य, खरोखर शून्य. आणि १२ तारखेचं फ्लेक्सी भाडं निघालं ४,७००, म्हणजे आम्ही भरलेल्या ५,६०० पेक्षा ९०० कमी. मी खुश, म्हटलं चला २,७०० परत येणार, तेवढा तरी हातभार. स्क्रीनवर आलं, भरायची रक्कम ०, परत मिळणारी रक्कम ०.

परत फोन. यावेळी १५ मिनिटं म्युझिक. यावेळी एक सर होते, म्हणाले भाडं कमी असेल तर फरक परत मिळत नाही, नियमात आहे. मी म्हटलं वाढला तर माझ्याकडून घेता आणि उतरला तर तुमच्याकडे राहतो, हा कुठला हिशोब. आमच्याकडे व्यापारी पण एवढं करत नाही, भावफरकावरून भांडणं होतात पण निदान दोन्ही बाजूंनी होतात. ते म्हणाले सॉरी सर. पूर्ण रद्द करून नवीन काढू का विचारलं तर रद्द करायचा चार्ज फ्लेक्सीलाही आहे आणि तो त्या ९०० पेक्षा जास्त होता, म्हणजे त्यातही काही राम नाही. काही कंपन्या म्हणे उरलेल्या पैशाचं क्रेडिट देतात, आमच्या तिकिटात तसं नव्हतं. बुक करायच्या आधी ही एक ओळ शोधून वाचाच. पाच स्टारमधले मी जे दोन कापले त्यातला एक पूर्ण याचा आहे.

दुसरा कुठला? तर हिरव्या टिकमार्कचा. "मोफत तारीख बदल" असं मोठ्या अक्षरात आणि "भाडेफरक लागू" हे दाबल्याशिवाय दिसत नाही, हे मला पटत नाही. दुकानात मी पाच वर्षांची गॅरंटी लिहून आत बारीक अक्षरात फक्त नळीची, फिल्टरची नाही असं लिहिलं तर गिऱ्हाईक दुकानात येऊन काय करेल ते मला माहीत आहे.

बरं, एवढं सगळं बोलून झाल्यावर एका रविवारी बसून वहीत हिशोब मांडला आणि थोडा गप्प झालो. समजा मी सेव्हर घेतलं असतं. सेव्हरला बदलाचा दंड माणशी ३,००० होता. जाताना दंड ३,००० अधिक भाडेफरक, सेव्हर ४,१५० वरून ७,१००, म्हणजे तोही २,९५०, मिळून माणशी ५,९५० आणि तिघांचे १७,८५०. मी भरले १०,३५०. जातानाच ७,५०० वाचले. येताना दंडाचे ९,००० लागले असते, मला शून्य. म्हणजे वाचले १६,५०० आणि त्यासाठी आधी जास्त दिले होते ४,८००, निव्वळ फायदा ११,७००. म्हणजे ज्या तिकिटावर मी महिनाभर चिडून होतो त्यानेच मला वाचवलं होतं. चिडायचं कारण खोटं नव्हतं, पण मी चुकीच्या गोष्टीवर चिडत होतो, मला वाटत होतं मी भाव बांधून घेतलाय आणि मी घेतली होती फक्त दंडमाफी.

पण हे माझं झालं, कारण मी दोन्ही बाजू बदलल्या. ज्याचं जाणं पक्कं आहे त्याने ४,८०० उगाच घालवू नयेत. मावसभाऊ धुळ्याला असतो, त्याचं दिल्लीचं परीक्षेचं तिकीट होतं, परीक्षेची तारीख काय तो बदलणार नव्हता, त्याने पण फ्लेक्सी घेतलेलं, का तर मी सांगितलं होतं म्हणून. त्याची माफी मागितली.

अजून काही गोष्टी ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. डीजीसीए म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं, त्याचा एक लुक-इन म्हणून नियम आहे, मी बुक केलं तेव्हा तो २४ तासांचा होता. कंपनीच्या वेबसाईटवरून थेट काढलेलं तिकीट आणि प्रवासाला निदान सात दिवस बाकी असले तर त्या वेळेत रद्द किंवा बदल करायला दंड नाही, सेव्हरलासुद्धा. भाडेफरक मात्र तिथेही द्यावाच लागतो. म्हणजे घाईत चुकीची तारीख टाकली आणि रात्री लक्षात आलं, तर त्यासाठी फ्लेक्सीची गरजच नाही. नावात स्पेलिंग चुकलं तरी २४ तासांत फुकट दुरुस्त करून देतात, तेही थेट काढलेल्या तिकिटालाच.

दुसरं, जायचं रद्दच झालं आणि तिकीट कितीही नॉन-रिफंडेबल असलं तरी सरकारी कर आणि विमानतळाची युजर फी वगैरे परत मिळते, विमान चुकलं तरी मिळते. ती रक्कम मागावी लागते, आपण मागत नाही. आणि रद्द करायचा चार्ज मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यापेक्षा जास्त लावता येत नाही. कंपनीने स्वतःच विमान रद्द केलं तर प्रकरणच वेगळं, तिथे दुसरं विमान नाहीतर पूर्ण पैसे परत, त्यात दंड नाही आणि फरकही नाही. कंपनी अजिबात ऐकत नसेल तर एअरसेवा म्हणून सरकारचं ॲप आहे त्यावर तक्रार टाकता येते. मी टाकली नाही कारण माझ्या केसमध्ये त्यांनी नियम मोडला नव्हता, नियमच तसा आहे.

तिसरं, एजंट किंवा मोठ्या ट्रॅव्हल ॲपवरून काढलं की कंपनीच्या दंडावर त्यांचा स्वतःचा चार्ज बसतो आणि बदलायला त्यांच्याकडेच जावं लागतं. भुसावळचा आमचा माणूस चांगला आहे, फोन उचलतो, त्याला मी पैसे आनंदाने देईन. ॲपवाला चॅटबॉट मात्र नको.

आणि ट्रेन विसरू नका. विमानाची तारीख सरकली की भुसावळ-मुंबईचं तिकीटही गेलं, ते ऑनलाईन काढलेलं असल्याने रद्द करून नवीन काढावं लागलं, आणि मेमध्ये नवीन म्हणजे वेटिंग. शेवटी जाताना तत्काळ. त्याचे पैसे वरच्या हिशोबात धरलेच नाहीत कारण मग माझा ११,७०० चा आनंद कमी होतो.

सीटचं पण झालं. एप्रिलमध्ये आईला खिडकी निवडून ठेवली होती, फ्लेक्सीत सीट फुकट असते. तारीख बदलली की ती निवड उडाली, पुन्हा निवडायला गेलो तर फुकटात फक्त मधल्या उरलेल्या. आम्ही तिघं तीन रांगांत विखुरलेले असे गेलो. शेजारच्या मुलीने आईला खिडकी दिली, बदल्यात तिला केळी वेफर्सचं अर्धं पाकीट मिळालं, हा त्या प्रवासातला एकमेव व्यवहार ज्यात कोणाला फरक द्यावा लागला नाही.

तर रेटिंग पाचपैकी तीन. विमान वेळेवर, स्टाफ नीट, फ्लेक्सीचं काम लिहिल्याप्रमाणे, लिहायची पद्धत वाईट.

आता दिवाळीनंतर परत जायचं म्हणतेय आई. यावेळी दोन पीएनआर केलेत, आई आणि मी सेव्हर, कारण आम्ही जाणार म्हणजे जाणार, आणि आप्पांचं एकट्याचं फ्लेक्सी. काल त्यांनी प्रिंट बघितली आणि विचारलं, माझं एकट्याचंच महाग का रे? म्हटलं, बाग तुमची आहे ना.